धाकूचे छर्रे आणि मोरीचं तेल

३ जानेवारी १९६७, मंगळ.
सुंदरे, एडवणला बसून हे वाचशील तोवर तुझ्या भावाचा, धाकूचा, कुठला हात गेला तेही विसरली असशील. डावा. बोटीच्या दोरात, अंगठा तेवढा उरला. गेल्या खेपेला त्याच्या उजव्या हाताकडे बघून "आता बरा दिसतो" म्हणालीस, पोरी! म्हणून रोजचं लिहून ठेवते. म्हणजे मी बोलते, तुझी वहिनी हिरा लिहिते. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. चौथी शिकलेली सून. नवऱ्याचं बोलणं मात्र जसंच्या तसं उतरवते.

धाकू तारापूरच्या वीजघराच्या कामावर फाटकाशी उभा असतो, तात्पुरता. तिथल्या साहेबांना नेमबाजीचा नाद. त्यांचं हवेचं पिस्तूल एकाच हातानं मारायचं असतं. यानं गंमत म्हणून मारलं ते मधोमध. साहेब म्हणाले, सव्वीस तारखेला बोईसरला पहारेकऱ्यांची नेमबाजी आहे, पहिला आलास तर कायम. नाही आला तर शिमग्यानंतर घरी. घरी म्हणजे काय? डोल जाळं ओढायला दोन हात लागतात.

७, शनि.
साहेबांनी पिस्तूल सरावाला घरी दिलं. बोंबील वाळवायच्या वलांडीमागे खोका, खोक्यावर गोल रेघांचा कागद. सकाळपासून ठक्, ठक्. कोंबड्यांनी अंडी बंद केली. मी आत-बाहेर, आत-बाहेर. हिरा म्हणते, "आये, बसा की एका जागी." बसून काय करू, अंडी देऊ?

छर्रे दोन तऱ्हेचे. टोकाचे, आणि चपट्या डोक्याचे. मी म्हटलं टोकाचे घे, भाला कधी चपटा असतो का?
"आये, कागद म्हंजे काय मासा हाय?"
मारून दाखवले. टोकाचा कागद फाडतो, भोक कुठवर ते कळत नाही. चपटा गोल टिकली पाडतो, स्वच्छ. टिकलीची कड कुठल्या रेघेला लागली त्यावर गुण. बरं बाबा, चपटे.

१०, मंगळ.
चपट्यांचेही दोन डबे. एक परदेशी, साहेबांचा, तळाला थोडेसे उरलेले. दुसरा मुंबईच्या दुकानातला, भरलेला, पण त्यातले बरेच चेंबलेले. धाकूचा जीव परदेशीत. मी म्हटलं, सरावात संपवलेस तर त्या दिवशी काय मारशील, कोलंबी? आणि राखून ठेवलेस तर हाताला त्यांची सवय कधी व्हायची?
त्यानं परदेशी डबा झाकून फळीवर ठेवला. मला काय, नुसतं विचारता येतं.

१५, रवि.
मुंबईचे निवडायला मी बसले. डोळे अधू झाले, बोटं आहेत. जवळा निवडते तसे. छर्र्याला खाली घागरा असतो, तो चेंबला की गेला कामातून. आरशावर घरंगळवायचे. धड असेल तो वळून नीट येतो, वाकडा लंगडतो. लंगडे वेगळ्या वाटीत. आरसा हिराचा. आज तिनं कुंकू अंदाजानं लावलंय, भुवईच्या वर पार. लिही गं, लिही.

निवडलेल्यांनी धाकूचा नेम बसतोय. चार टिकल्या एकमेकींत. बोलले नाही, दृष्ट लागते.

२०, शुक्र.
वाईट झालं. साहेबांसमोर मारायला उभा राहिला तर पिस्तुलातून धूर, बार उडावा तसा आवाज, छर्रा कागदाच्या डोक्यावरून. पुन्हा तेच. साहेबांनी नळी हुंगली. "धाकू, ये मछली का तेल है क्या?" सगळे हसले.

घरी आला. "मी काय तय मासली विकाला गेल्तो?" एवढंच बोलला, जेवला नाही.

झालं असं की खाऱ्या हवेनं छर्र्यांच्या शिशावर पांढरं चढलं. हिरानं बघितलं आणि निवडलेले सगळे मोरी माशाच्या तेलात चोळून ठेवले. होडीला चोळतो, गळांना चोळतो, कोयत्याला चोळतो. छर्र्यांना का नाही? आपल्यात कुणीही हेच केलं असतं. पण पिस्तुलात ते तेल पेटतं, आणि छर्रा जातो भलतीकडे.

हिरा रडते नि लिहिते. "हे गाळू का, आये?" नाही. लिही.

२१, शनि.
साहेबांनी पिस्तूल साफ करायला ठेवून घेतलं. म्हणाले, आता सव्वीसलाच ये. सराव बंद. ठक् ठक् नाही. कोंबडीनं अंडं दिलं, ते बघवेना.

२३, सोम.
तेलातले छर्रे रिठ्याच्या पाण्यात धुतले, फडक्यावर वाळवले, पुन्हा आरशावर घातले. नाकाला लावून बघितलं, वास नाही. पण माझं नाक जन्मभर मासळीत, त्याची साक्ष कोण धरणार? म्हणून मांजरीपुढे धरले. हुंगलं नि निघून गेली. हिरा पहिल्यांदा हसली.

धाकूला पटत नाही. परदेशी त्या दिवसाला जेमतेम पुरतील, आधी मारून बघायला एकही नाही. धुतलेले भरपूर, पण मनात धूर. हिराला वाटतं धुतलेले न्यावेत. तोंडानं म्हणत नाही, ताट वाढताना धुतलेल्यांची वाटी त्याच्याकडे सरकवते.

२४, मंगळ.
दोन डबे दोन खिशांत घालून अंगणात येरझारा घालतोय. दोन्हीकडून खुळखुळतो. कुठला नेणार विचारलं तर म्हणे, "तय उभा रायलो का हात सांगेल." हात! एकच तर आहे, त्यावर केवढं ओझं. मीही उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

ही पानं शेजारची ताई उद्या पहाटे एडवणला आणेल, दुपारी परत फिरेल. सव्वीसच्या शिदोरीला काही तिच्याबरोबरच पाठव. तळलेलं काही नको, कुरड्या नको, बोंबील तर नकोच. खायचा हात आणि नेमाचा हात एकच आहे, त्याला तेल लागता कामा नये. सुकेळी पाठव. वाळवलेली केळी ती, हाताला तेल लागत नाही; केळीच्या पानात बांधून. विसरशील, म्हणून हिराला दोनदा लिहायला लावते. सुकेळी. सुकेळी.