मागच्या शेडमधल्या लाकडाबाबत

मी, दारे-खिडक्या बनवणाऱ्या आमच्या कंपनीचा थोरला भागीदार, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पोटातल्या जळफळाटाबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही.

१. राहते घर पत्नीला. दिवाणखान्यात तिने धाकट्याचा, म्हणजे माझ्या भावाचा, सत्काराचा फोटो लावला आहे. तो उतरवण्याची अट घालणार होतो. वकील म्हणाले, टिकणार नाही.

२. तो सत्कार कशाचा, तेही नोंदवतो. आमच्या वडिलांची रीत अशी, की जेवढे वाळलेले लाकूड कापायचे तेवढेच ओले विकत घेऊन थप्पी लावायची आणि बारा वर्षे तिला हात लावायचा नाही. आपण रचलेले पुढच्याने कापायचे. धाकटा संचालक झाला आणि म्हणाला, हा नुसता पडून राहिलेला पैसा. वर्षभरात त्याने सगळ्या थप्प्या विकल्या. नफा दुप्पट दिसला, भागीदारांनी टाळ्या वाजवल्या, एका बड्या कंपनीने त्याला उचलले. मग ओल्या लाकडाची दारे वाकू लागली, तेव्हा गिऱ्हाइकांच्या शिव्या खायला मी होतो. मला त्याचा हेवा वाटत आला आहे. आजही वाटतो.

३. बचत मुलीला. वडिलांचा मोठा रंधा आमच्या मिस्त्रींना. तो धाकट्याने मागितला होता, म्हणूनच.

४. मागची शेड माझ्या नावावर आहे. थप्प्या विकल्या गेल्या त्या वर्षापासून मी तिथे स्वखर्चाने लाकूड रचत आलो. मुलीला दाखवले तर तिने विचारले, आत्ता विकले तर कितीला जाईल. अगदी काकावर गेली आहे. धाकट्याचा मुलगा आमच्याकडेच सुतारकाम बघतो. त्याने विचारले, आज रचलेले कधी कापता येईल. मी म्हणालो, बारा वर्षांनी. "मग अजून थोडी जागा करू या, मोठे काका," असे म्हणून तो कोपरा झाडायला लागला.

शेड आणि लाकूड त्यालाच. असा मुलगाही धाकट्याच्याच वाट्याला यावा, हे लिहिताना माझा हात थांबला होता.

५. बापाला दारे हवी असतील तर पुतण्याने खुशाल करून द्यावीत. पैसे पूर्ण घ्यावेत.

पुढे वाद नको म्हणून साक्षीला धाकट्यालाच बोलावले. सही करण्याआधी त्याने सगळे वाचले. वकिलांचा विरोध असूनही पुढचे बोलणे इथे नोंदवतो.

"दादा, माझ्या नावावर काहीच नाही?"

"तुला तो मुलगा आहे की."

स्थळ: मागची शेड
दिनांक: ७ मार्च
लिहून ठेवणार: थोरला भाऊ (सही)
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. धाकटा भाऊ (सही)