बाबांचं पान

प्रिय अनिका,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, माहीत आहे मला. लागू दे. फोनवर मला हे जमलं नसतं. तुझा आवाज ऐकूनच लाजेने फोन ठेवला असता.

तुझे बाबा, तू अभ्यास करतेस त्या वुडरॅटवर, त्या रानउंदरीवर काय खूश होते, आठवतं? हडसनकाठच्या कड्याच्या कपारीत राहणारी, पांढऱ्या पोटाची, टपोऱ्या डोळ्यांची. काड्या, पिसं, हाडं, दुसऱ्या जनावरांची वाळलेली विष्ठासुद्धा ती घरात नेऊन साठवते, असं तू सांगितलंस, तर म्हणाले, अगं, ही तर तुझी आईच! दह्याचे रिकामे डबे बघ घरात किती. मी अशी चिडले होते! पण आख्ख्या न्यू जर्सीत यांची एवढीच वस्ती उरलीय म्हणालीस, तेव्हा बाबा तिथल्याच एका खडकावर बसून कपारीकडे बघत राहिले.

बाबा गेल्यावर दर महिन्याला मी त्यांचं पान वाढायचे. जर्सी सिटीतल्या आपल्या टॉवरची खिडकी उघडते जेमतेम चार बोटं, कावळ्यासाठी ठेवू कुठे? म्हणून बसने कड्यावर जायचे आणि बाबा बसले होते त्याच खडकावर वरणभात, वडे, खीर ठेवायचे. तू हसशील म्हणून बोलले नाही. पुढच्या खेपेला बघावं तर खडक लख्ख. काय समाधान वाटायचं गं! वाटायचं, जेवले पोटभर.

परवा तुझा फोन आला, रडत होतीस. कुणीतरी तिथे खायला टाकतं, त्यामुळे ते काळ्या मुखवट्याचे प्राणी, रकून, जमलेत म्हणालीस. त्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात, वुडरॅट ती विष्ठा घरात नेते, जंत मेंदूत शिरतात. तुझी ती म्हातारी मादी अशीच गोल गोल फिरत मेली. आणि मी काय म्हणाले? काय एकेक माणसं असतात! जीभ कशी झडली नाही माझी.

काल कळलं, तिथे डबा खातो म्हणून तू तुझ्या हाताखालच्या सौमित्रला कामावरून काढलंस. तो बिचारा मी नाही, मी नाही म्हणत राहिला. अनिका, त्याला आजच बोलाव. अन्न मी ठेवत होते. हवं तर तुझ्या सगळ्या टीमसमोर येऊन सांगते. मला वाट्टेल ते बोल, ऐकून घेईन. फक्त ते बाबांनी खाल्लं नाही, एवढं म्हणू नकोस. ते मला कळलंय.

तुझीच, तोंड लपवून बसलेली,
आई