राहून गेलेली आंघोळ

आई, तू गेल्यापासून गेल्या महिन्यापर्यंत धाकट्याने स्वतःहून एकदाही आंघोळ केली नव्हती. मी हाताला धरून न्हाणीत न्यायचो, तो उभा राहायचा, पाणी मी घालायचो. तू असताना असे नव्हते. तू बादली भरून हाक मारायचीस आणि तो मुकाट्याने जायचा. मी नवा वकील होतो तेव्हाची एक सकाळ आठवते. भिंत त्याला शिव्या देते, असे तो म्हणत होता आणि भिंतीला कंठ नसल्याने ती बोलू शकत नाही, हे मी त्याला सिद्ध करून दाखवत होतो. चुलीपुढून तू म्हणालीस, “हे कोर्टात जाऊन बोल. त्याचं पाणी निवून राह्यलंय.”

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्यानंतर त्याला पाणी कोण घालणार, हा एकच प्रश्न माझ्यापुढे उरला आहे. गोळ्यांनी भिंत बरीचशी गप्प झाली. पण स्वतःचे स्वतः करण्याची सवय गोळ्यांनी परतत नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून दर गुरुवारी आम्ही भोकरदनहून बसने जालन्याला जातो. तिथे त्याच्यासारखे वर्षानुवर्षे आजारी असलेले आठ-नऊ जण गोल बसतात आणि आठवड्यात स्वतःसाठी काय केले ते सांगतात: नखे कापली, दात घासले, सदरा धुतला. नातेवाइकांनी मागे गप्प बसायचे असते. गेल्या महिन्यात गट चालवणाऱ्या ताईंनी त्याला आंघोळीचे विचारले आणि सवयीने उत्तर मी दिले. धावड्याची एक बाई, तीही जुनी रुग्ण, मागे वळून म्हणाली, “वकीलसाहेब, आज तुमची तारीख न्हाई. त्यांना बोलू द्या की!” सगळे हसले. तोही हसला आणि मग खाली बघत म्हणाला, “आईच्या मयताची आंघोळ राह्यली माझी. ती केल्याबिगर दुसरी कशी करू?”

तू गेलीस त्या सकाळी मी त्याला वाटूरला मावशीकडे धाडले होते. गर्दीने तो बिथरेल, ओरडेल, असा माझा युक्तिवाद होता आणि तो कोणीही खोडला नाही. तेराव्यानंतर तो परतला, तेव्हा तू दवाखान्यात आहेस असे सांगितले. पुढे कोणी काहीच सांगितले नाही. त्याने विचारले नाही, म्हणून त्याला कळत नाही असे आम्ही धरून चाललो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याला म्हणालो, बातमी उशिरा कळली तर कळेल त्या दिवशी आंघोळ करतात, अशी रीतच आहे.

“मंग सांग ना,” तो म्हणाला. “मला कुणी सांगितलंच न्हाई.”

मी सांगितले. आई गेली.

तो न्हाणीत गेला, आतून कडी लावली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. अंगावरच्या कपड्यांनिशी निथळत बाहेर आला. त्यानंतर रोज करतो असे नाही. आठवड्यातून दोनदा, कधी एकदा. आजार आपल्या जागी आहे.

पण त्या दिवशी ओल्या कपड्यांतच त्याने विचारले होते, “भाऊ, तू रडला व्हता का तव्हा?”

त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. हा कागद कुठे दाखल करायचा नाही, म्हणून इथे लिहितो. नाही, आई. तो मोकळा रडला असता, तर चार लोकांत मलाही रडावे लागले असते. त्याला वाटूरला धाडले ते यासाठी.