श्टाउटांच्या पाणचक्कीचा खुंट

१ ऑगस्ट २०१९, गुरुवार
रूल मास्तर आज पुन्हा दारात. चाळीस वर्षं पोरांना छळून झालं, आता निवृत्तीत मेलेल्यांना छळतोय. गावाला सातशे वर्षं होतात म्हणून पुस्तक काढायचंय, त्यात एक प्रकरण आमच्या पाणचक्कीवर. "श्टाउट बाई, तुमच्या वडिलांचा एखादा फोटो मिळेल का?" नाही मिळणार. चक्की होती तिथे आता रिकाम्या बाटल्या टाकायचे हिरवे डबे आहेत, त्यांचा फोटो छापा म्हटलं. हसला मेला.

३ ऑगस्ट
आलुबुखाराचा केक करपला. तेही पाप मास्तरच्याच माथी.

६ ऑगस्ट, मंगळवार
गावाची सभा. ओढा पुन्हा मोकळा करणार म्हणे, माशांसाठी! जुन्या बंधाऱ्याच्या जागी यंत्र लावून खणणार. मास्तर तर हरखूनच गेला, उभा राहून शिकवायलाच लागला. बंधाऱ्याजवळ सरकारने ओकचा खुंट ठोकलेला असायचा, डोक्यावर तांब्याची पट्टी. चक्कीवाल्याने पाणी त्या पट्टीपर्यंतच अडवायचं, वर नाही. कोनराड श्टाउटने खुंट वर उचलला आणि वरच्या अंगाची कुरणं सडली, असा आरोप होता. १९५९ साली चौकशी झाली. घरातल्याच माणसाने साक्ष दिली. दुसऱ्या दिवशी मोजणी व्हायची होती, पण गावाने त्याआधीच बंधारा फोडला आणि खुंट गाळात गेला. "आता तो सापडेल, आणि मोजताही येईल!" चर्चच्या पायरीवर खूण कोरलेली आहे, खुंटाचं डोकं तिच्यापेक्षा किती खाली हवं ते जुन्या कागदात लिहिलेलं आहे म्हणे.

हाइनर ब्युटनर मागून म्हणाला, "मोजायचंय काय त्यात? आमच्या कुरणात बेडूक पोहत होते." याच्याच बापाने बंधाऱ्यावर पहिली कुदळ घातली. शाळेत हा मला पाणीचोराची पोर म्हणायचा. तोंड तेच आहे, फक्त दात नवे बसवलेत.

मी उठून म्हटलं, माझ्या बापाला गाळात तरी सुखाने राहू द्या. मी आपली निघून आले.

९ ऑगस्ट
जिल्ह्याच्या कचेरीला पत्र टाकलं. बंधाऱ्याच्या काठावर बिळात खंड्याचं घरटं आहे, तिथे खणणं बेकायदा आहे. माणसासाठी कोणी थांबत नाही, पक्ष्यासाठी थांबतील.

१३ ऑगस्ट, मंगळवार
कचेरीतून एक बाई आली. गुडघाभर बूट, गळ्यात दुर्बीण. बिळात डोकावली आणि म्हणाली, "हे उंदराचं आहे, आजी." आजी! मी काय तिला मांडीवर घेऊन भरवलं होतं?

१५ ऑगस्ट
इथे लिहायला हरकत नाही, इथे वाचतंय कोण.

खुंट वर केला होता. मी पाहिलंय. मार्च महिना, काठाला अजून बर्फ, आणि बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून खुंटावर हातोडा घालत होते. मी कॉफीचा डबा घेऊन गेले होते. मला पाहून दचकले. म्हणाले, "आईला सांगू नकोस." आईला नाही सांगितलं.

पुढे बाबा सिमेंटच्या कारखान्यात गोण्या उचलायला गेले. चक्की पाडली, वर डांबर ओतलं. हे गाव मला आजही बघवत नाही. चर्चमध्ये शेजारी बसणारी, केक मागून खाणारी ही माणसं, यांच्यातल्या एकानेही तेव्हा बाबांना तोंडावर विचारलं नाही — कोनराड, तू खरंच केलंस का?

आणि आता खुंट निघाला, मोजला, की ते पुस्तकात छापून येणार. चोर. कायमचा.

२० ऑगस्ट
सापडला. गाळात उभाच्या उभा होता. काळाठिक्कर. उद्या मोजणार.

२१ ऑगस्ट, बुधवार
जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले.

मोजणीवाल्याने तीनदा मोजलं. मग मास्तरच्या हातातला कागद घेऊन परत एकदा पाहिला. "तंतोतंत. हा खुंट ठोकल्यापासून जागचा हललेला नाही." तांब्याच्या पट्टीत चार खिळे जुने गंजलेले, दोन नंतरचे. "पट्टी सैल झाली असणार. कोणीतरी पुन्हा ठोकून बसवली. चांगलं काम केलंय."

"मग आमच्या कुरणात पाणी आलं कुठून?" हाइनरने विचारलं. मोजणीवाला म्हणाला, "पाणी वाहून जायचे तुमचे चर तेव्हा कोणी साफ करायचं का?" मास्तरने माझ्यापुढे हात केला. मी घेतला नाही. बाटल्यांच्या डब्यांना टेकून उभी राहिले.

त्या हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला होता. पाण्यात पाय घालाल तर घरात घेणार नाही, असं आईने बजावलं होतं. आईला सांगू नकोस. एवढंच होतं ते.

मीही कधी विचारलं नाही.

२३ ऑगस्ट
मास्तरला बोलावून कॉफी दिली, बाबांचा फोटो दिला. म्हणाला, "सगळं जुळलं बाई, फक्त साक्षीदाराचं नाव कागदात नाही." मी म्हटलं, लिहा. गेर्लिंडे श्टाउट, वय अकरा. चौकशीच्या साहेबाने विचारलं, बाबांना खुंटावर हातोडा घालताना पाहिलंस? मी हो म्हटलं. मग तो बाबांकडे वळला. बाबा म्हणाले, "माझी पोर खोटं बोलत नाही. लिहून घ्या."