चौकोनाला सांगायचा आकडा

ता. १२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझ्या आत्याने फोनवरून अर्ज भरला, हे वाचायच्या आधी खुर्ची धरून बस. मंडईतल्या जिन्याखाली एकतीस वर्षं मी शिलाई मशीन घेऊन बसते, पण यंदा तुमच्या महापालिकेने कागदी अर्जच बंद केले. अठ्ठावीस तारखेपर्यंत फोनवरून परवाना काढला नाही, तर जागा दुसऱ्याला. म्हणून वाचनालयातल्या मोफत वर्गात जाऊन शिकले. नाव, पत्ता, सगळं एका बोटाने भरलं.

मग फोनवर सहा आकडे आले. खाली ताकीद, की हा क्रमांक कुणालाही सांगू नका. आणि लगेच समोरचा चौकोन विचारतो, क्रमांक सांगा! मी काय दूधखुळी आहे? फोन पालथा घातला. त्याने चार वेळा नवे आकडे पाठवून पाहिले, मी बधले नाही. बटणवाल्याला आणि छत्रीवाल्यालाही बजावलंय. सगळ्या मंडईने तोंडाला कुलूप लावलंय. आता परवाना कधी धाडतेस?

लोभ आहे, तो उसवू देऊ नकोस.
तुझी आत्या

ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मंडईचे बेचाळीस अर्ज एकाच पायरीवर अडकलेत. यंत्र बिघडलं म्हणून आमचे अभियंते दोन दिवस ते उघडून बसले, साहेबांनी तीन बैठका घेतल्या. तुझं पत्र आलं आणि मला टेबलाखाली तोंड लपवावंसं वाटलं. ती ताकीद मीच लिहिली आहे गं!

आकडा माणसाला सांगायचा नाही, पण त्या चौकोनाला सांगायचाच असतो. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. फोन करून समजावलं असतं, पण मशीनच्या खडखडाटात तू मलाच गिऱ्हाईक समजून शुक्रवारी या म्हणतेस. महिनाअखेरपर्यंत रजाही मिळत नाही. माझ्या एका वाक्यापायी तुझी जागा गेली, तर मी तुला तोंड कसं दाखवू? हात जोडते, आकडा लिही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ठमी

ता. २० फेब्रुवारी

चि. ठमीस, किंवा जो कोणी असेल त्यास,
आशीर्वाद, पण तूर्त राखून.

वर्गातल्या बाईंनी सांगितलंय, की लबाड लोक घरच्या माणसाचं नाव लावून, रडून, हात जोडून आकडा काढून घेतात. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत.

तेव्हा खूण पटव. वीस वर्षांपूर्वी शिवायला आलेल्या मास्तरांच्या कोटाची बाही कुणी कुरतडली? हे आमच्या दोघींनाच ठाऊक आहे. उत्तर बरोबर आलं तर पुढचं बोलू.

लोभाचं नंतर बघू.
ठमीची आत्या

ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला हवं ते उत्तर मला माहीत आहे. उंदराने. पण विश्वास ठेव म्हणून विनवण्या करायच्या आणि त्याच पत्रात खोटं लिहायचं, हे काही जमेना. बाही मीच कापली. बाहुलीला निळा झगा हवा होता. मग कडा दातांनी कुरतडल्या, म्हणजे उंदराचं काम वाटेल. तू मास्तरांपुढे मान खाली घालून उभी होतीस आणि मी मशीनमागे गप्प बसले होते. आजही ते आठवलं की लाज वाटते.

ताकीदही बदलून घेतली आहे. आता शहरभर असं जाईल, की हा क्रमांक कुठल्याही माणसाला सांगू नका, फक्त खालच्या चौकोनात लिहा.

हवं तितकं रागव, पण माया तोडू नकोस.
तुझी चोर ठमी

ता. २८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

उत्तर साफ चुकलं. बटणवाला म्हणाला, पत्र फाडून टाका. पण मास्तरांचा कोट निळा होता, हे लबाडाला कसं कळणार? आणि दातांनी कडा कुरतडायची अक्कल आमच्या घराबाहेर कुणाला? आज दुपारी आम्ही बेचाळीस जण ओळीने बसलो आणि आपापल्या चौकोनाला आकडे सांगितले. छत्रीवाल्याने तर लिहायच्या आधी फोनला तोंड लावून हळूच सांगूनही पाहिले. चार वाजता परवाना आला. जागा राहिली गं! मला रडूच आलं.

तुला रागवायचं बाकी आहे, ते समोर आलीस की. तोवर एवढंच सांगते, की वीस वर्षं मी रोज घरी निघताना मशीनखाली उंदराचा सापळा लावत आले. आज नाही लावला.

कळावे, राग आणि लोभ दोन्ही आहेत.
तुझी आत्या