टोपरं झालं की फोन

४ डिसेंबर, सकाळ
थंडी म्हणावी तशी नाहीच. तरी संकल्प कायम: यंदाचा हिवाळा घरगुती आनंदात घालवायचा. अंगणातलं ऊन, गवती चहा आणि विणकाम. बेलापूरच्या शाळेत एकोणतीस वर्षं कार्यानुभव शिकवला. मुलींच्या विणकामाला मार्क मीच द्यायचो. स्वतः कधी सुया धरल्या नाहीत, पण परीक्षकाला त्याची गरज नसते.

बाळासाठी टोपरं विणणार. बाळ पंकजाचं, आमच्या एकुलत्या एका मुलीचं. डॉक्टरांनी जानेवारीअखेरची तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ती इथेच येणार हे उघड आहे.

सौ. म्हणते, उघड वगैरे काही नाही. पंकजाचा निरोप आहे की दादांनी स्वतः फोन करून बोलावलं तरच येईन. दोन वर्षांपूर्वी तिनं कोपरगावच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याशी कोर्टात लग्न केलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. मी रागावलेलो नाही, फक्त बोलत नाही.

फोन करणारच आहे. पण रिकाम्या हातानं काय बोलायचं? टोपरं झालं की करतो.

९ डिसेंबर
श्रीरामपूरहून पिवळी लोकर आणली. दुकानातल्या बाईंनी विचारलं, कुणासाठी? शाळेच्या प्रदर्शनासाठी, म्हणालो. रिटायर होऊन चार वर्षं झाली.
चाळीस टाके घातले. मोजले तर सदतीस. पुन्हा मोजले, एकेचाळीस. लोकर निकृष्ट आहे.

१४ डिसेंबर, दुपार
शाळेतल्या अजिनाथ शिपायानं सोनईहून हुरडा आणून दिला. अंगणात भाजला. असं सुख शहरात नाही. सौ.नं कोवळा कोवळा निवडून डब्यात काढून ठेवला. पंकजाला तसाच लागतो. डबा कुणाचा, मी विचारलं नाही.
टोपरं चार बोटं झालं. सौ.नं बघून सांगितलं, "ह्ये टोपरं न्हाई, पिशवीचा बंद हाय." उसवलं. फोन उद्या.

१५ डिसेंबर
अंगणात रेंज नाही. गच्चीवर असते, पण गुडघा दुखतोय.

२३ डिसेंबर
फोनवर काय बोलायचं ते लिहून काढलं. दीड पान. सुरुवात, "चि. पंकजा हिस अनेक आशीर्वाद." सौ.चं म्हणणं, "एवढं कशाला? ये गं, म्हनायचं. झालं." जावयाचं नाव कुठंच नाही, असंही तिनं दाखवलं. जागेअभावी राहिलं.

३१ डिसेंबर
पाळणा माळ्यावरून काढून पुसला. कड्या तेल घालून सरळ केल्या. बराच वेळ रिकामाच हलवत बसलो. टोपऱ्याची एक बाजू पूर्ण. नव्या वर्षातलं पहिलं काम, फोन.

१ जानेवारी
आज सगळेच फोन करतात. त्यात आपला वेगळा कसा दिसणार?

११ जानेवारी, दुपार
टोपरं पूर्ण! नारळावर घालून बघितलं. एका कानाकडे जरा जास्त उतरतं, पण नजरेत भरतं. मी तर नव्वद मार्क दिले असते.
सौ. हसली नाही. म्हणाली, नववा लागून आठ दिवस झाले. आता डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. बाळंतपण तिकडंच, सासू करणार. पंकजा महिनाभर रोज विचारायची, दादा काही म्हणाले का. मी सांगितलं, आजच फोन करणार होतो. त्यावर ती इतकंच म्हणाली, "तुमची लोकर लई लांब हुती." आणि आत गेली.
जेवण गेलं नाही. थंडी पडली असती तर हात भराभर चालले असते.

२५ जानेवारी
मुलगी झाली. दोघी सुखरूप. सौ. पहाटेच्या एसटीनं कोपरगावला गेली. "चला की," असं दोनदा म्हणाली. मला रीतसर बोलावणं नाही, असं मी म्हणालो. टोपरं तिच्याजवळ दिलं नाही, मी स्वतः देणार. एसटी वळेपर्यंत स्टँडवर उभा होतो. तिनं खिडकीतून पाहिलं नाही.

२८ जानेवारी, संध्याकाळ
पंकजाच्या नंबरवर फोन केला. त्या गृहस्थानं, म्हणजे कल्याणनं, उचलला. उचलताच म्हणाला, "बोला ना दादा. पंकजाला देऊ का?" मागं बाळ रडत होतं. इतका बारीक आवाज की मला एकदम पंकजाच आठवली, तान्ही. ये गं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, रॉंग नंबर.
तो म्हणाला, "आसू द्या दादा. परत लागला तरी चालंल."
मुलगा बोलायला चांगला आहे. दोन वर्षं मला हे माहीत नव्हतं. घरात कुणी नाही म्हणून लिहितो, खूप रडलो.
आवाज बदलून बोललो होतो. त्यानं ओळखलं नसावं.