पडकई म्हणजे पडीक नव्हे

शॉमबर्ग, अमेरिका, ऑगस्ट २००६

डॉक्टरकाका,

‘तीर्थस्वरूप’ लिहिणार होतो, पण हात धजेना.

काल इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तुम्ही भीमाशंकरकडच्या आमच्या गावातल्या भातखाचरांच्या स्लाइड्स दाखवल्यात. “ही जमीन पडकई, म्हणजे पडीक आहे,” असं सांगितलंत आणि हा प्राचीन वारसा वाचवायला ट्रस्ट काढून कुंपण घालणार म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अहो, तुम्ही मराठीच ना? उन्हाळ्यात सगळा गाव पाळीपाळीने एकेकाच्या शेतात जातो आणि मजुरी न घेता बांध घालतो, त्याला पडकई म्हणतात. ती खाचरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच टिकलीत. कुंपणाच्या आत बांध कोण घालणार, तुमचे ट्रस्टी?

“बघा, चिटपाखरू नाही,” म्हणून जो फोटो दाखवलात, त्याची गोष्ट आईने मला मे महिन्यातच फोनवर सांगितली होती. अमेरिकेचे कुणी डॉक्टर आले होते. फोटो चांगला यावा म्हणून त्यांनी बांधावर माती टाकणाऱ्या सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पाहुण्याचं मन कशाला मोडा, म्हणून सगळे बाजूला झाले. आईसुद्धा झाली.

हे पत्र पाठवणार नाही. ज्यांच्या बेसमेंटमध्ये आपण संसार मांडला त्यांना असं लिहू नये, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. पण काका, पडकईत पाळी कुणालाच चुकत नाही. बाजूला व्हायची आमची पाळी झाली. आता तुमची.

सोमनाथ लोहकरे